अर्ज, जामीन आणि विद्यापीठाची वाट



'अर्ज' हा शब्द आज इतका कचेरीचा झाला आहे की तो कानी पडताच तहसिलाची खिडकी, शिक्क्याची डबी आणि 'उद्या या' असे सांगणारा कारकून डोळ्यांपुढे उभा राहतो. मुळात हा शब्द अरबी. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि घरचाच होऊन बसला. पण त्याचा मूळ अर्थ याचना असा नाही. समोर मांडणे असा आहे. जो आपले म्हणणे समोर मांडतो तो अर्जदार. 'दाखला' आणि 'जामीन' हे शब्दही याच वाटेने आले. अर्जात माणूस आपल्याविषयी स्वतः बोलतो. दाखल्यात त्याच्याविषयी दुसरा बोलतो. आणि जामिनात तिसरा त्याच्यासाठी मान अडकवतो. या तीन कागदांच्या आधारे बीड जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या गेल्या शंभर वर्षांच्या प्रवासाकडे पाहण्याचा आमचा विचार आहे. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. विद्यापीठाच्या दारात आमच्या मुलाला भाषा विचारली गेली, जात विचारली गेली, बापाचे उत्पन्न विचारले गेले, जामीन कोण तेही विचारले गेले. परंतु 'तुला काय शिकायचे आहे आणि कशासाठी?' हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. दाखला आणि जामीन यांचे वजन वाढत गेले आणि खरा अर्ज मात्र कोराच राहिला.

प्रथम निजामी अमदानी पाहू. १९४८ पर्यंत बीड हा हैदराबाद संस्थानचा एक जिल्हा होता. १८५७ साली मुंबईला विद्यापीठ निघाले. १८५९ साली त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली, तीत १३२ विद्यार्थी बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. पुढे १८६२ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे पहिल्या पदवीधरांच्या तुकडीत बाहेर पडले. हे सर्व ज्या मुंबई इलाख्यात घडत होते त्याची हद्द आमच्या आष्टी-पाटोद्याच्या शिवाला लागून होती. पण शीव नकाशावर जेवढी बारीक दिसते तेवढी ती माणसाच्या आयुष्यात नसते. अहमदनगरच्या मुलासाठी पुणे हे आपल्याच इलाख्यातले गाव. बीडच्या मुलासाठी ते परमुलुख.

आमच्या संस्थानचे विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया. त्याचे फर्मान १९१७ साली निघाले आणि १९१८ साली ते स्थापन झाले. इंग्रजी हा विषय सक्तीचा ठेवून सर्व उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचा त्याचा संकल्प होता. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते काढण्यात आले आणि शास्त्रांवरची पुस्तके उर्दूत आणवण्यात आली. हिंदुस्थानी भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देता येते हे ज्या काळात कोणी मानीत नव्हते त्या काळात हा प्रयोग झाला, ही गोष्ट न्यायबुद्धीने मान्य केली पाहिजे. परंतु ज्यांच्यासाठी तो प्रयोग मातृभाषेचा होता ते संस्थानात थोडे होते. मराठी, तेलुगू आणि कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेला इंग्रजी जेवढी परकी तेवढीच ही ग्रांथिक उर्दू परकी. ज्या अंबाजोगाईत आद्यकवी मुकुंदराजांची समाधी दाखवतात त्या गावच्या मुलालाही मराठी घरी ठेवून कॉलेजात जावे लागे. औरंगाबादला १९२३ साली उस्मानियाचे इंटरमीजिएट कॉलेज निघाले आणि वाट थोडी जवळ आली, तरी भाषा तीच राहिली. म्हणजे आमच्या मुलाच्या अर्जाची पहिली अट अशी की, तो त्याने स्वतःच्या भाषेत मांडू नये!

आता पैशाची बाजू पाहा. जो मुलगा उर्दूची वाट टाळून पुण्याला जायचे ठरवी त्याच्यापुढे एक विलक्षण अडचण उभी राही. निजामाचा रुपया वेगळा आणि इंग्रजी मुलखातला वेगळा. पहिल्याला लोक हाली म्हणत आणि दुसऱ्याला कलदार. सात हाली रुपये दिले म्हणजे सहा कलदार हाती पडत. बापाने बैल विकून वा सावकाराच्या ओसरीवर दिवस घालवून शंभर रुपये उभे केले, तरी पुण्यात पोहोचेपर्यंत त्यांचे शहाऐंशी होत; आणि ते सुद्धा वाटखर्च धरल्यावाचून. त्यातून बीड गावाला रेल्वे नाही. ती मिळण्यास २०२५ सालचा सप्टेंबर उजाडावा लागला, हे आपण सर्व जाणतोच. बैलगाडीने वा सर्व्हिस मोटारीने परमुलुखात उतरल्यावर जेवणाचा प्रश्न येई. तेथे 'वार लावून' जेवण्याची रीत होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात वार सात घरी लावून कित्येक विद्वान तयार झाले, हे खरे आहे. पण ही सोय विशिष्ट जातींच्या मुलांनाच होती, हेही तितकेच खरे आहे. ज्याला कोणी ओसरीवरही घेत नसे त्याचा वार कोण लावणार? कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली त्यांचे महत्त्व यातच आहे. शिक्षणाची खरी अडचण शुल्कापेक्षा भाकरीची आहे, हे त्या राजाने ओळखले होते.

आमच्या जिल्ह्यात या कोंडीला पहिला जबाब अंबाजोगाईने दिला. तिचे त्या वेळचे सरकारी नाव मोमिनाबाद. तेथील योगेश्वरी संस्थेची स्थापना १९१७ सालची. म्हणजे उस्मानियाचे फर्मान आणि आमच्या जिल्ह्यातील ही शाळा एकाच वर्षाची. १९३५ साली हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून स्वामी रामानंद तीर्थ येथे आले. त्यांच्याबरोबर बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी उभे राहिले. शाळेचे काम आणि स्वातंत्र्याचे काम यांत त्यांनी अंतर ठेवले नाही. १९३८ साली स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहासाठी स्वामीजींनी शाळा सोडली. ज्या मुलांना त्यांनी मराठीतून शिकवले होते त्यांना 'आपले म्हणणे समोर मांडता येते' एवढा धडा तरी नक्कीच मिळाला होता.

हा धडा किती महाग आहे ते त्याच वर्षी दिसून आले. औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहात विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणत. त्यास बंदी झाली. मुलांनी ती मानली नाही, आणि चळवळ औरंगाबादहून हैदराबादला उस्मानियाच्या वसतिगृहांपर्यंत पसरली. गीत सोडा, नाहीतर शिक्षण सोडा, असा तो सरळ सवाल होता. ज्यांनी गीत सोडले नाही त्यांची नावे पटावरून गेली. विचार करा, एवढ्या कष्टाने, एवढ्या कर्जाने मिळवलेली जागा त्या मुलांनी एका गीतासाठी सोडली! त्यांच्या घरी काय वाटले असेल याची कल्पना ज्याने मुलाच्या फीसाठी पैसे उसने काढले आहेत त्यालाच येईल. पुढे नागपूर विद्यापीठाने, टी. जे. केदार हे कुलगुरू असताना, या बहिष्कृत विद्यार्थ्यांना दारे उघडी केली. त्या विद्यार्थ्यांत पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे एक होते. येथे आमच्या विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. एका विद्यापीठाने जी गोष्ट अपराध म्हणून लिहून ठेवली, तिच्यामुळे दुसऱ्या विद्यापीठाने दार लावून घेतले नाही. कागद तोच, वाचणारा वेगळा.

अर्जदाराला स्वतःविषयी बोलू दिले म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी आपण क्षणभर जिल्ह्याबाहेर, किंबहुना देशाबाहेर जाऊ. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेस पोहोचल्या तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे होते. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी जून महिन्यात एक पत्र लिहिले. आजच्या भाषेत ते प्रवेशासाठी केलेले स्वतःविषयीचे निवेदन होय. आपली पूर्वतयारी संस्थेच्या नियमाइतकी नाही, हे त्यांनी त्या पत्रात लपवले नाही. पुरुष वैद्याकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी आपण हे शिक्षण घेऊ इच्छितो, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. उणीव सांगितली, हेतू सांगितला आणि निश्चय सांगितला. चौथी गोष्ट नाही. त्यांना प्रवेश मिळाला, शुल्काला शिष्यवृत्तीचा आधार मिळाला आणि १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या. पुढल्याच वर्षी त्यांचे निधन झाले, हे आपले दुर्दैव. पण अर्ज कसा करावा याचा धडा त्या ठेवून गेल्या.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे, ते पैशाच्या बाजूचे आहे. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. पण त्याआधी बडोद्यात करारावर सही करावी लागली : शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी. ते त्या नोकरीवर रुजूही झाले. पण महाराजांच्या या शिष्याला बडोदे शहरात राहायला जागा मिळेना. करार पाळायची तयारी एका पक्षाची. समाजाची तयारी मात्र शून्य! पुढे १९२० साली ते लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यास निघाले तेव्हा स्वतःच्या पगारातील शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी स्नेह्याकडून घेतलेले कर्ज, अशी तिहेरी जुळणी त्यांनी केली. शिष्यवृत्ती, देणगी, बचत आणि कर्ज. विद्यार्थ्याच्या पैशाचे जेवढे प्रकार आज आपण जाणतो ते सर्व या एका माणसाच्या चरित्रात सापडतात. आणि म्हणूनच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारकडून वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद मिळवली. मॅट्रिकनंतरची जी शिष्यवृत्ती आज लक्षावधी मुले घेतात तिचे मूळ १९४४ सालच्या या योजनेत आहे.

याच हाताने मराठवाड्याचीही कोंडी फोडली. संस्थान मुक्त झाल्यावर दोन वर्षांच्या आत, १९५० च्या जूनमध्ये, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढले. पुढे त्याचे नाव मिलिंद महाविद्यालय झाले आणि प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारखा माणूस त्याला लाभला. गावकुसाबाहेरच्या ज्या पोराला पुण्याचा वार कधी लागला नसता त्याला औरंगाबादेत वसतिगृहाची खोली मिळाली. मग १९५६ साली अंबाजोगाईला योगेश्वरी महाविद्यालय निघाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि सं. रा. डोंगरकेरी पहिले कुलगुरू झाले. १९६० साली खुद्द बीडमध्ये बळभीम महाविद्यालय उभे राहिले. दहा वर्षांत हैदराबाद, औरंगाबाद, अंबाजोगाई आणि मग घरचा उंबरठा, इतके विद्यापीठ जवळ आले. विद्यापीठाच्या दारावर बाबासाहेबांचे नाव येण्यास मात्र १९७८ च्या ठरावापासून १९९४ पर्यंत सोळा वर्षे लागली, आणि त्यापायी या प्रदेशात माणसांची घरे जळली. हे सांगताना मान खाली जाते. पण इतिहास सांगताना सोयीचे तेवढेच सांगणे बरे नव्हे.

शासनानेही हात आखडता घेतला नाही. १९५९ साली, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ करण्याची योजना निघाली. तीच आपल्या तोंडी बसलेली 'ई. बी. सी.'. वर्षाला बाराशे रुपयांच्या आत ज्याचे उत्पन्न त्याच्या मुलाची फी सरकार भरी. कोरडवाहू जमिनीच्या आमच्या जिल्ह्यात या सवलतीने केवढी क्रांती केली ते सांगायला नकोच. १९६३ साली केंद्राने कर्जरूपी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. पण या सर्व योजनांबरोबर एक नवा कागद आला : उत्पन्नाचा दाखला. त्याच्या पाठोपाठ जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला, आणि पुढे जातवैधतेचे प्रमाणपत्र. हे दाखले अनावश्यक आहेत असे आम्ही म्हणत नाही. सार्वजनिक पैसा योग्य हाती जावा म्हणून ते लागतातच. तथापि त्यांचा एक परिणाम झाला. मुलगा कसा आहे याहून बाप काय आहे हे अर्जात मोठे झाले. गरिबी ही त्या घराची अडचण होती. अर्जात ती मुलाची ओळख झाली.

मग ज्यांना अर्जात बोलता आले नाही ते कोठे बोलले? आमचे उत्तर असे की, ते साहित्यात बोलले. मिलिंदच्या परिसरातून गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली 'अस्मितादर्श' निघाले. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले, १९७९ साली मराठवाड्याच्याच प्र. ई. सोनकांबळ्यांचे 'आठवणींचे पक्षी' आले, १९८० साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आले. समीक्षक या पुस्तकांना आत्मकथने म्हणतात, ते योग्यच आहे. पण आम्हाला त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. मी कोण, कोठून आलो, काय खाल्ले, शाळेत कसा बसलो आणि शिकलो ते कशासाठी, या सर्व गोष्टी प्रवेशाच्या फॉर्मात लिहायला जागा नव्हती, म्हणून एका पिढीने त्या पुस्तकात लिहिल्या. तो मूळ अर्थाने अर्ज होता. समोर मांडणे होते. आणि महाराष्ट्राने तो वाचला.

आता आजचा हिशोब. २००१ साली बँकांच्या संघाने शैक्षणिक कर्जाची नमुना योजना केली. चार लाखांपर्यंत तारण नको, त्यापुढे तिऱ्हाइताचा जामीन, साडेसात लाखांपुढे तारण, अशी तिची रचना होती. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने 'पीएम-विद्यालक्ष्मी' मंजूर केली. तीत गुणवत्तेने निवडलेल्या संस्थांतील प्रवेशासाठी तारण आणि जामीन दोन्ही नकोत. शिवाय आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत आहे. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये महाराष्ट्र शासनाने आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. आजोबांना सावकाराच्या ओसरीवर बसावे लागले. नातीला ते लागू नये, एवढी तजवीज कागदावर तरी झाली आहे.

कागदावर, असे आम्ही मुद्दाम म्हणतो. आपल्या जिल्ह्यातून दरसाल हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक 'कोयता', आणि कोयत्यामागे मुकादमाकडून उचल. ती उचल पावसाळ्यात घेतली जाते, दिवाळीनंतर फडावर फेडली जाते. कॉलेजचे प्रवेशही पावसाळ्याच्या तोंडाशीच असतात. म्हणजे ज्या घरात मुलीची फी भरायची त्या घरात हाती आलेला पैसा पुढच्या सहा महिन्यांच्या घामावर काढलेले कर्ज असतो. शिष्यवृत्ती मंजूर होते, पण खात्यावर जमा होईपर्यंत खानावळवाला थांबत नाही. शुल्क माफ झाले तरी भाड्याची खोली माफ होत नाही. आणि दुरुस्तीसाठी अर्ज परत आला तर सही करायला बाप कोठे असतो? कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडात. २०२१ साली शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना मंजूर केली. शाहू महाराजांनी १९०१ साली जे ओळखले तेथेच आपण एकशेवीस वर्षांनी पुन्हा येऊन पोहोचलो : आधी भाकरी आणि निवारा, मग विद्या.

आणखी एक बदल दाराशी आला आहे. परदेशी विद्यापीठे, आणि आपल्याकडील काही संस्थाही, आता केवळ गुण पाहून थांबत नाहीत. 'स्वतःविषयी एक निवेदन लिहा', असे त्या म्हणतात. शंभर वर्षे जो प्रश्न आमच्या मुलाला विचारला गेला नाही तो आता विचारला जात आहे. आणि नेमका तेव्हाच तो गोंधळतो. कारण दाखले जमवण्याची त्याला सवय आहे, स्वतःविषयी बोलण्याची नाही. मग तो बाजारातून तयार निवेदन आणतो, त्यात लहानपणापासूनची आवड आणि जगाचे कल्याण असे शब्द असतात, आणि तो स्वतः त्यात कोठेच नसतो. वास्तविक ज्या मुलीने आईबाप फडावर असताना धाकट्या भावंडांना रांधून घालून बारावीचा अभ्यास केला, तिच्याइतके सांगण्यासारखे कोणाजवळ आहे? तिने आनंदीबाईंचाच क्रम धरावा. उणीव लपवू नये, हेतू साध्या शब्दांत सांगावा, निश्चय कृतीने दाखवावा. गरिबीचे प्रदर्शन करू नये. पण आपण काय काय केले हे सांगण्याची लाजही धरू नये.

सज्जनहो, या इतिहासातून आम्ही एवढेच काढतो की, विद्यापीठापर्यंत कोणीही एकटा पोहोचलेला नाही. कोणामागे राजा होता, कोणामागे स्नेही होता, कोणामागे शाळेतले मास्तर होते, कोणामागे सरकार होते. बीड गावात आज तो चौथा आधार आहे. पहिला कालबाह्य झाला. दुसरा आणि तिसरा मात्र आपण व्हायचे आहे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्याख्यानाला सवड काढणाऱ्या आपणांपैकी प्रत्येकाने पुढच्या जूनमध्ये एका मुलाशेजारी तासभर बसावे. दाखल्यांची यादी त्याच्याबरोबर तपासावी, बँकेत त्याच्यासोबत जावे, खानावळीचे दोन महिने सावरून घ्यावेत, आणि जमत असेल तर जामीनही राहावे. पण त्या सगळ्याच्या आधी त्याला विचारावे : तुला काय शिकायचे आहे, आणि का? तो जे उत्तर देईल ते त्याच्याच शब्दांत त्याच्याकडून लिहवून घ्यावे. तोच त्याचा अर्ज.